मोरीला खिडकी हवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, पाहुण्याला घर दाखवायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आधी बैठकीची खोली, मग झोपायच्या खोल्या, मग गच्ची. स्वयंपाकघर बहुधा दारातूनच दाखवतात. त्याच्या मागे जे असतं तिथे पाहुण्याला कोणी नेत नाही. तिथे खरकट्या भांड्यांचा ढीग असतो, भिजवलेले कपडे असतात, केरसुणी, रॉकेलचा जुना डबा, फुटकी बादली असते. घर मात्र तिथूनच चालतं. आज मी त्या जागेबद्दल बोलणार आहे. मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. बांधकामाचं शिक्षण मला नाही. पण गेल्या दोन वर्षांत घराच्या मागे तीन खोल्या वाढवताना जे पाहिलं आणि शिकलो, ते सांगावंसं वाटतं.

या जागेला आपल्या भाषेत शब्द कमी नाहीत. मोरी, न्हाणी, परस, परसदार, मागचं अंगण. 'न्हाणी' हा शब्द तर इंजिनिअर लोकांनीही उचलला. सांडपाणी जाऊ देणारी आणि गटाराचा वास अडवणारी जमिनीतली जी जाळीची वाटी असते, तिला आजही 'न्हाणी ट्रॅप' म्हणतात. पुढे फ्लॅट आले आणि परस गेला. त्याच्या जागी स्वयंपाकघराला चिकटून तीन-चार फुटांची एक गॅलरी आली. तिला म्हणायचं 'ड्राय बाल्कनी'. जिथे दिवसभर पाणी सांडतं, तिला ड्राय म्हणायचं! एखादी जागा नीट पाहिलीच नाही, की तिचं नावही असं पडतं.

आमचं घर मिरजेत, आजोबांनी बांधलेलं. पुढे ओसरी, मध्ये दोन खोल्या, शेवटी स्वयंपाकघर. आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक. रुंदी १८ फूट. मागे २२ फुटांचं अंगण, त्यात एक शेवगा, पत्रा टाकलेली मोरी आणि कोपऱ्यात संडास. माझी आई, म्हणजे अम्मा, ८२ वर्षांची. तिला पावसात अंगण ओलांडून जावं लागे. पत्नीचे गुडघे दुखू लागले होते. डॉक्टरांनी तिला उकिडवं बसायला मनाई केली होती आणि आमच्या मोरीतलं प्रत्येक काम उकिडवं बसूनच व्हायचं. पतपेढीचं कर्ज आणि थोडी शिल्लक मिळून जेमतेम एक बांधकाम होणार होतं. मला पुस्तकांसाठी एक खोली हवी होती. पुस्तकं तेव्हा पलंगाखाली आणि कपाटावर होती. मुलाला वाटत होतं, भाड्याने देता येईल अशी स्वतंत्र खोली काढावी.

ओळखीच्या एका तरुण इंजिनिअरने पहिला नकाशा काढला. त्यात एक बेडरूम होती, तिला जोडून न्हाणी होती, माझी पुस्तकांची खोलीसुद्धा होती. धुण्याचं मशीन त्याने गच्चीवर दाखवलं होतं. नकाशा देखणा होता. पत्नीने तो बराच वेळ पाहिला आणि आमच्या दखनीत एकच प्रश्न विचारला, "भिगे कपडे ऊपर कौन लेको जायेंगा?" गच्चीला १९ पायऱ्या आहेत. पिळलेल्या कपड्यांची भरलेली बादली आठ-दहा किलोंची होते. या एका प्रश्नाने तो नकाशा बाद झाला.

मग तिने मिस्त्रींना सांगून अंगणात फक्की मारून घेतली. पाया आखायला जी पांढरी भुकटी वापरतात, तिच्या रेघांनी खऱ्या मापाच्या खोल्या जमिनीवर काढल्या. मशीनच्या जागी दोन फूट बाय दोन फुटांचा पुठ्ठा ठेवला. आठ दिवस आम्ही त्या रेघांतून वावरलो. बादली घेऊन चाललो, अम्माला हाताला धरून चालवलं. कागदावर प्रशस्त दिसणारी खोली दोन माणसं आणि एक बादली आल्यावर किती उरते, ते तिथे कळतं. माझी सूचना अशी, की कोणाला घर वाढवायचं असेल तर त्याने हे आधी करावं. फक्कीला खर्च नगण्य येतो आणि रेघ पायाने पुसता येते.

त्याच आठवड्यात आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना पत्नीने विचारलं, "तुम्हाला कसं सोयीचं पडेल?" मावशी आधी हसल्या. पस्तीस वर्षं त्या लोकांच्या घरची भांडी घासतात, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मग त्या फक्कीच्या चौकोनात जाऊन बसल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाभी, मला भिंतीकडं तोंड करून बसवू नका. सगळ्या घरांत भिंतच असती बघा समोर."

श्रोतेहो, आठवून पाहा. आपल्या घरातली मोरी, बेसिन, ओटा. काम करणाऱ्याचं तोंड कुठे असतं? नळ भिंतीत असतो म्हणून माणूसही भिंतीकडे वळवलेला असतो. पाठ घराकडे, डोळ्यांसमोर ओला गिलावा. त्यातच दिवसाचे दोन-तीन तास जातात. आपण बैठकीच्या खोलीतला सोफा कुठे ठेवायचा यावर वाद घालतो. मोरीचा नळ कुठे असावा हे प्लंबर त्याच्या सोयीने ठरवून जातो.

तेव्हापासून आमचा नकाशा मागच्या बाजूने सुरू झाला. आधी कामाची खोली, मग बाकीचं. भिंती वजा जाता १६ फूट रुंदी उरत होती. ७ फूट रुंद आणि १३ फूट लांब अशी कामाची खोली स्वयंपाकघराला लागून घेतली. तिचं एक टोक स्वयंपाकघरात, दुसरं अंगणात. शेजारी ९ बाय ८ ची अम्माची खोली आणि तिच्या मागे ९ बाय साडेचारची न्हाणी व संडास. न्हाणी आणि धुण्याची जागा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आल्यामुळे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप एकाच ठिकाणी राहिले. पाइप जितका लांब आणि वळणाचा, तितका तो तुंबतो. ही गोष्ट मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितली होती.

कामाच्या खोलीचे दोन भाग केले. स्वयंपाकघराकडचा अर्धा भाग कोरडा, अंगणाकडचा ओला. कोरड्या भागात धान्याचे डबे, इस्त्रीचं टेबल आणि अम्माच्या खोलीचं दार. ओल्या भागात मशीन, उभं राहून कपडे चोळायचा कडाप्प्याचा ओटा आणि खाली बसून धुण्याची जागा. दोन्ही उंची ठेवल्या, कारण पत्नीला उभं राहूनच काम करता येतं आणि मावशींना बसल्याशिवाय हात चालत नाही. नळ बाजूच्या भिंतीत घेतला आणि खिडकी समोर. त्यामुळे बसणाऱ्याचं तोंड अंगणाकडे, शेवग्याकडे झालं. खिडकीचा खालचा काठ दीड फुटांवर घेतला, नाहीतर बसलेल्या माणसाला आभाळाखेरीज काही दिसलं नसतं.

सर्वात जास्त वाद झाला तो जमिनीच्या पातळीवरून. ओल्या जागेची जमीन थोडी खाली हवी, नाहीतर पाणी घरभर येतं. पण दारात एक-दीड इंचाची पायरी आली, की म्हातारं माणूस तिथेच ठेचकाळतं. मोठी पायरी दिसते, छोटी दिसत नाही. शेवटी असं ठरलं, की कोरडा भाग स्वयंपाकघराच्या पातळीतच ठेवायचा, उंबरा घालायचाच नाही. ओल्या भागाला ट्रॅपच्या दिशेने हळूहळू उतार द्यायचा आणि तिथे वेगळ्या रंगाची खरबरीत शहाबादी घालायची, म्हणजे पायाला आणि डोळ्यालाही कळतं. दारं तीन-तीन फुटांची घेतली. उद्या चाकाची खुर्ची लागली तर ती त्यातून जायला हवी.

अम्मासाठी वुजूचा एक नळ हवा होता. पाच वेळा हात, तोंड, पाय धुवायचे, म्हणजे दिवसातून पाच वेळा वाकणं आलं. संडासाच्या खोलीत वुजू करायला तिचं मन घेत नाही. म्हणून कामाच्या खोलीतच, ओल्या भागाच्या कडेला १६ इंच उंचीचा एक दगडी ओटा बांधला, समोर गुडघ्याच्या उंचीवर नळ आणि पाय ठेवायला उतरती जागा. भिंतीत धरायला एक दांडी. हा ओटा अम्मासाठी केला, पण आता बाहेरून येणारा प्रत्येक जण तिथे बसून पाय धुतो. शेजारचे जोशीकाका तर म्हणाले, "आमच्याकडे पूर्वी दारात घंगाळ असायचं, त्याची आठवण झाली."

आता थोडं व्यवहाराचं सांगतो. जुन्या घराला मागे जोडून बांधलं, की जुनी शेवटची खोली आपोआप मधली होते आणि अंधारते. आमच्या स्वयंपाकघराची एकमेव खिडकी नव्या बांधकामात जाणार होती. जुन्या वाड्यांत मध्ये चौक का ठेवत, ते अशा वेळी समजतं. चौकाइतकी जागा आमच्याकडे नव्हती. पण जुनी भिंत १२ फूट उंच होती. नवा स्लॅब ९ फुटांवर घेतला आणि त्याच्या वर उरलेल्या जुन्या भिंतीत दोन झरोके काढले. खिडकीचं दार केलं, म्हणजे वरची जुनी तुळई तशीच कामाला आली आणि भिंत वेगळी फोडावी लागली नाही.

दुसरं असं, की नवं बांधकाम जुन्या भिंतीत दाते काढून गुंतवू नये. नवा पाया थोडा दबतो, जुना दबून बसलेला असतो आणि मग जोडावर तडा जातो. आमच्याकडे नव्या खोल्या स्वतःच्या खांबांवर उभ्या आहेत. मध्ये फट ठेवून ती वरून झाकली आहे आणि स्लॅबचा उतार जुन्या भिंतीपासून दूर दिला आहे. तिसरं, अंगणातला ड्रेनेजचा चेंबर. तो नव्या खोलीखाली येत होता. फरशी घालून तो गाडून टाकायचा मोह होतो. पण तुंबला की घरात खणावं लागतं. आम्ही तो उरलेल्या आठ फुटांच्या अंगणात हलवला. चौथं, विजेचं. मशीनचा प्लग नळापासून लांब आणि चार फूट उंचीवर, अर्थिंग तपासलेलं आणि गळतीचा करंट आला तर वीज तोडणारा स्विच. ओल्या हातांच्या खोलीत यात काटकसर करू नये. आणि बांधायच्या आधी परवानगी घ्यावी, सामासिक अंतर सोडावं. तिथे आपलाच वारा-उजेड राहतो.

घरकामाच्या जागेचा असा विचार काही आपणच करतो असं नाही. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या महिला वास्तुविशारदाने कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, आमच्या कामाच्या खोलीपेक्षाही लहान. रेल्वेच्या डब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून, बाईची पावलं मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. बाईचे श्रम वाचले, पण त्या चिंचोळ्या खोलीत एकच माणूस मावे. ती तिथे एकटी पडली, अशी टीका नंतर झाली.

मला इथे आपलं जातं आठवतं. जात्यावर दोघी समोरासमोर बसत. दळण कष्टाचंच होतं, त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण समोर भिंत नव्हती, माणूस होतं. त्या जागेतून ओवी आली. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतली कुठलीच ओवी बैठकीच्या खोलीत जन्मलेली नाही. मी कवितेच्या वाटेने चालणारा माणूस, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. मशीनपाशी आता कोणी ओवी रचणार नाही. पण दोन माणसं तिथे बोलत उभी राहू शकली पाहिजेत, एवढी जागा तरी नकाशात असावी.

माझी पुस्तकांची खोली झाली नाही. पैसे संपले. ओसरीच्या एका भिंतीला फळ्या ठोकून पुस्तकं लावली आहेत. मुलाच्या भाड्याच्या खोलीचाही विचार मागे पडला आणि हप्ते चालू आहेत. गेल्या पावसाळ्यात मात्र छताला दोरीने वर-खाली होणाऱ्या दांड्यांवर कपडे वाळले, कारण खोलीच्या दोन्ही टोकांना वारा आहे. अम्मा पहाटे कोणाला न उठवता वुजू करते. मावशी आल्या की आधी खिडकी उघडतात.

तुमच्यापैकी कोणी घर वाढवणार असाल, तर इंजिनिअरकडे जाण्याआधी घरातल्या कामाची एक यादी करा. कोणतं काम, कोण करतं, उभं की बसून, किती वेळ आणि त्या वेळी समोर काय दिसतं. यादी करणाऱ्याने एक दिवस ती कामं स्वतः करून पाहावीत. आणि बाहेरून कामाला येणाऱ्या बाईंना विचारायला विसरू नका. तुमच्या घराची मागची बाजू त्यांना तुमच्याइतकीच माहीत असते.