पाण्याच्या वाटेनं बीड

सुट्ट्या लागल्या की आता आपल्याकडच्याही घरांतली मुलं युरोपला जाऊन येतात. रोमला गेलं की त्रेवीच्या कारंज्यात नाणं टाकायचं आणि फोटो काढायचा, हे ठरलेलं. पण त्या कारंज्यामागे इ.स.पू. १९ मध्ये रोमन सेनापती अग्रिप्पानं बांधवलेला कालवा आहे, हे फार थोडे पाहतात. बराचसा जमिनीखालून जाणारा, केवळ उतारावर वाहणारा कालवा. सिसिलीतल्या पालेर्मो शहरात तर अरबांच्या काळापासूनच्या परंपरेतले भूमिगत पाणीमार्ग आहेत. डोक्यावर हेल्मेट घालून प्रवासी त्यांत उतरतात, पाण्यातून चालतात आणि त्यासाठी आनंदानं पैसे मोजतात.

भूमध्य समुद्राकाठचा उन्हाळा कोरडा असतो. तिथल्या माणसांनी पाणी जपलं आणि पाणी जपण्याच्या त्या खटपटीलाच प्रेक्षणीय स्थळ केलं. माझं आजचं सांगणं एवढंच, की ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर अर्धं गाव रिकामं होणाऱ्या, दुष्काळासाठी बातमीत येणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्यातही पाहण्यासारखं जे आहे ते पाण्याभोवतीच आहे. दोन दिवस काढा आणि पाण्याच्या वाटेनं फिरा.

सुरुवात खजाना बावडीपासून करा. शहराच्या दक्षिणेला सहा-एक किलोमीटरवर, सोलापूरच्या रस्त्याला ती आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवली आणि राजा भास्कर या जाणकारानं तिची आखणी केली, असं सांगतात. वरून पाहिलं तर गोल, दगडी बांधणीची विहीर दिसते आणि लोक डोकावून परत फिरतात. तसं करू नका. आत कमानी आहेत, तिथं उभे राहा आणि भुयारांची तोंडं शोधा. काही तोंडांतून पाणी आत येतं, एकातून बाहेर जातं. बाहेर जाणारं पाणी जमिनीखालून उताराउतारानं बलगुजार भागातल्या शेतांपर्यंत पोचवलेलं. मोट नाही, बैल नाही, वीज तर नाहीच. त्या वाटेवर ठिकठिकाणी उभे झरोके बांधलेले आहेत. त्यांतून हवा खेळते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो.

हे तंत्र इराणकडचं. तिथून ते पश्चिमेला सिसिली-स्पेनपर्यंत गेलं आणि पूर्वेला बिदर, औरंगाबाद, बऱ्हाणपूरपर्यंत आलं. पालेर्मोचे ते पाणीमार्ग आणि आपली बावडी एकाच कुळातली आहेत. फरक इतकाच की तिथं वाटाड्या सोबत असतो, आणि इथं आपल्यातल्याच कितीजणांनी ती आतून पाहिली आहे, हा प्रश्न मी तुम्हाला कळकळीनं विचारतो.

उन्हं कलली की शहरात या, कंकालेश्वराला. चौकोनी कुंड, मधोमध पाण्यात उभं देऊळ आणि त्याकडे जाणारी अरुंद वाट. चालुक्य-यादव काळातलं काम. तलविन्यास चांदणीसारखा असल्यामुळे भिंत सरळ राहतच नाही, दर हातभर अंतरावर कोन वळतो. कुंडात पाणी असेल त्या दिवसांत मावळतीचं ऊन पाण्यावरून उसळून या कोनांत शिरतं आणि एरवी सपाट वाटणाऱ्या मूर्तींचे चेहरे उठून दिसतात. महाशिवरात्रीच्या गर्दीत हे दिसत नाही, म्हणून साध्या वारी जा. पूर्वेच्या टेकडीवरचं खंडोबाचं देऊळ आणि त्याच्या दोन दीपमाळा त्याआधी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे उरकता येतील.

दुसरा दिवस अंबाजोगाईचा. योगेश्वरीचं दर्शन घेऊन जयंती नदीकाठच्या हत्तीखान्यात जा. अखंड खडकातून कोरलेलं ते लेणं आहे, अंगणात दगडी हत्ती उभे आहेत. मुकुंदराज आणि दासोपंत या संतकवींच्या समाध्या याच गावात. दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहिलेलं पंचीकरण ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना मी अधिक काय सांगणार?

शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला जातात, जाव्यातच. पण शिक्षकमंडळींना माझी एक विनंती आहे. आठवीच्या विज्ञानाचा एक तास खजाना बावडीच्या काठावर घ्या. मुलांना उताराची पातळी मोजायला लावा, झरोक्यांची जागा कागदावर आखू द्या. कुठला झरोका बुजला, कुठं कचरा पडला, हेही त्या नकाशावर यावं, आणि तो नकाशा घेऊन मुलांनीच नगरपालिकेत जावं.