न दुखणारी गाठ

पहाटेची पीटी, पाठीवर वजन घेऊन धावणं... रंगरुटाला काही दुखलं-खुपलं तर तो ते श्रमावर घालतो. वृषणातली गाठ तर बहुधा दुखतही नाही. आंघोळ करताना वाटाण्याएवढं कठीण काहीतरी हाताला लागतं, एवढंच. प्रशिक्षण देणाऱ्या उस्तादांना सांगायची लाज, घरी पाठवतील ही धास्ती, म्हणून पोरगं गप्प राहतं. पण ही गाठ कर्करोगाची असू शकते, आणि हा कर्करोग जास्त करून गाठतो तो ऐन तारुण्यातच, 15 ते 35 या वयात! 1974मध्ये अमेरिकेत डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन या औषधाला इतर औषधांची जोड दिली आणि पसरलेला रोगही बरा होऊ लागला. आज शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात. तेव्हा बाबांनो, गाठ लागली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सुरुवातीला लागते फक्त सोनोग्राफी आणि थोडं रक्त.