घरची वस्तु विकतांना

जुनें शिवणयंत्र ऑनलाइन विकावयास काढतांच एखादें गिऱ्हाईक घासाघीस न करतां, वस्तूहि न पाहतां होकार देतें. ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन घाला, पैसे जमा होतील,’ असें सांगतें. येथेंच गृहस्थानें थांबावें. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय पद्धतींत पिन लागतो तो पैसे देण्यास, घेण्यास नव्हे. तो घातला कीं यंत्राची किंमत दूरच, पेन्शनची शिल्लकहि जाते. कोणी रोख घेऊन दारीं आला, तर नोटा उजेडांत, घरच्या दुसऱ्या माणसासमक्ष मोजाव्या. मगच वस्तु उंबऱ्याबाहेर जाऊं द्यावी. फसगत झालीच, तर लाज न बाळगतां तत्काळ १९३० या सरकारी मदतक्रमांकावर कळवावें. वेळेवर कळविल्यास रक्कम वाटेंतच थोपवितां येण्याचा संभव असतो.