यादीतलं नाव
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजक म्हणाले, "तुझ्या नोकरीतलं काहीतरी सांग." महसूल खात्यात मी तीस वर्षं कारकुनी केली. त्यातला २०२० चा उन्हाळा तेवढा सांगतो.

२५ मार्चला देश बंद झाला. तालुक्यातल्या एका शाळेत निवारा केंद्र उघडलं आणि माझी नेमणूक तिथे झाली. बाक बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या. बांधकामावरचे, वीटभट्टीवरचे मजूर आले. कुणी बिहारचे, कुणी मध्य प्रदेशचे, कुणी आपल्याच मराठवाड्यातले.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली. नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यात राज्याच्या कल्याणकारी मंडळाने दोन हजार रुपये जमा केले. रेशनकार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी केंद्राने मे महिन्यात माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे १ किलो हरभरा, असं दोन महिन्यांचं जाहीर केलं. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुटल्या.

पण मदत यादीवरून मिळते. आणि यादी करायला बसलो की एकच उत्तर यायचं, "साहेब, कार्ड आहे, पण गावाकडे आहे." बांधकाम कामगार म्हणून नोंदणी तर बहुतेकांची नव्हतीच. नाव होतं ते मुकादमाच्या वहीत, तेही अर्धवट. ८ मेला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते पायी घरी निघाले होते. दुसऱ्या दिवशी केंद्रातले चौघे मला विचारायला आले, "गाडीच्या यादीत आमचं नाव नक्की आहे ना?"

मित्रांनो, हे आपल्याला नवं नाही. दिवाळीनंतर आपल्या वर्गातले किती बाक रिकामे व्हायचे! आईबापांबरोबर पोरं ऊसतोडीला जायची. बाईंनी त्यांची नावं हजेरीतून कधी कमी केली नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर ती परत यायची, तेव्हा त्यांची जागा शिल्लक असायची. त्यातले दोघे आज इथे बसले आहेत.

आता ई-श्रम नोंदणी आहे, रेशनकार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं. तरीही बांधकाम कामगाराला मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देणारे ठेकेदार आणि इंजिनिअर आपल्याच बॅचमध्ये सात-आठ जण आहेत. कटकट नको म्हणून अनेक जण सही टाळतात, हे मी खात्यात असताना पाहिलं आहे.

त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या साईटवरच्या प्रत्येक मजुराला, मग तो कुठलाही असो, तो दाखला द्या. पुढचं संकट सांगून येणार नाही. त्या दिवशी त्याचं नाव यादीत असलं पाहिजे.