कंपाउंडरची पुडी आणि जुनं दुखणं



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार झाली आणि पाठोपाठ बाप्पा आले. गोटमारीत फुटलेलं डोकं साऱ्यांना दिसतं, पट्टी बांधायला चार जण धावतात. आपल्या घरांत मात्र न दिसणारं दुखणंही असतं. सकाळी बोटं वळत नाहीत, अंग ठणकतं, झोपूनही थकवा जात नाही. कधी तपासणीत आमवात निघतो, म्हणजे शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटलेली असते. कधी सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि फायब्रोमायल्जिया हे नाव कळायला वर्षं जातात. हे आजार बायकांमध्ये जास्त. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचेही म्हणतात, "काही नाही, मनाचं आहे."

अशा घरांत हल्ली मोबाइलवरून एक नाव पोहोचलं आहे : कमी मात्रेतलं नाल्ट्रेक्सोन. आम्ही औषधाच्या काउंटरमागे बसणारी माणसं. लोक आम्हाला विचारतात, म्हणून आज त्यावरच बोलतो.

औषध जुनंच आहे. अमेरिकेत १९८४ साली अफूच्या जातीच्या व्यसनावर आणि १९९४ साली दारूच्या व्यसनावर त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडेही ते व्यसनमुक्तीसाठी मिळतं, गोळी ५० मिलिग्रॅमची. न्यूयॉर्कचे डॉ. बर्नार्ड बिहारी यांनी १९८०च्या दशकात ते फार थोड्या मात्रेत वापरून पाहिलं. आज दुखण्यासाठी साधारण दीड ते साडेचार मिलिग्रॅम देतात. ही होमिओपॅथी नव्हे, औषध तेच आहे, माप वेगळं. एवढ्या मात्रेत ते शरीरातल्या वेदनाशामक द्रव्यांची वाट थोडा वेळ अडवतं, मग शरीर ती द्रव्यं जास्त तयार करतं, असा एक तर्क आहे. मज्जासंस्थेतल्या चिडलेल्या पेशी त्याने शांत होतात, असा दुसरा.

गुण येतो का? २०१३ साली स्टॅनफर्डच्या अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या ३१ स्त्रिया होत्या. औषधाने दुखणं सरासरी २८.८ टक्के कमी झालं, नुसत्या दिखाऊ गोळीने १८ टक्के. पुढे डेन्मार्कमध्ये ९९ स्त्रियांवर १२ आठवडे ६ मिलिग्रॅमची चाचणी झाली. तिथे दुखण्यात दोन गटांमध्ये ठोस फरक दिसला नाही. म्हणजे काहींना आराम पडत असेल, पण रामबाण म्हणावं असं हाती काही नाही. औषधाचं पेटंट केव्हाच संपलंय. स्वस्त औषधाच्या मोठ्या चाचणीवर पैसा ओतायला कंपन्या पुढे येत नाहीत, त्यामुळे उत्तर अर्धवट राहिलं आहे.

आता अडचण मापाची. साडेचार मिलिग्रॅमची तयार गोळी सहजी मिळत नाही, ती बनवून घ्यावी लागते. इथे आपल्याला जुना कंपाउंडर आठवेल. डॉक्टरांच्या दवाखान्यात खलात पूड घोटून कागदाच्या पुड्या बांधणारा, मिक्श्चरच्या बाटलीला डोसांच्या खुणांची कातरलेली पट्टी चिकटवणारा. तेच काम आज प्रशिक्षित फार्मासिस्ट वजनकाट्यावर करतो. चिमूटभर हिंग एकदम परातभर पिठात टाकला तर एका पुरीत सगळा जातो आणि दुसरीत काहीच नाही. म्हणून तो औषधात तेवढीच निरुपद्रवी पूड मिसळतो, मग त्या मिश्रणाइतकी आणखी, असं वाढवत नेतो आणि शेवटी कॅप्सूल भरतो. घरी ब्लेडने ५० मिलिग्रॅमच्या गोळीचे अकरा सारखे तुकडे होत नाहीत. तो उद्योग करू नका.

त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. जुन्या दुखण्याचे पुष्कळ रुग्ण ट्रामाडोल किंवा टॅपेंटाडोल घेतात. काहींच्या खोकल्याच्या औषधात कोडीन असतं. नाल्ट्रेक्सोन नेमकं यांच्या विरुद्ध काम करतं. वेदनाशामकाचा गुण जातो, आणि शरीराला त्याची सवय झाली असेल तर घाम, उलट्या, तडफड सुरू होऊ शकते. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन ठरलं तर तेही आधी सांगा. सुरुवातीला झोपमोड, विचित्र स्वप्नं, डोकेदुखी, मळमळ होऊ शकते.

आणि आमवाताची चालू औषधं मनाने बंद करू नका. मेथोट्रेक्सेटचंच पाहा. तेही मूळचं कॅन्सरचं औषध, आमवाताला कमी मात्रेत देतात, तेही आठवड्यातून एकदाच. ते रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. ते बंद केलं तर दुखणं काही दिवस सोसताही येईल, पण आत सांधा झिजत राहतो आणि वाकडी झालेली बोटं नंतर सरळ होत नाहीत.

तेव्हा नागपूरला किंवा छिंदवाड्याला तज्ज्ञांकडे जाल, तर हे नाव कागदावर लिहून न्या आणि विचारा, "आमच्या रुग्णाला हे चालेल का?" नाही म्हणाले तर कारण विचारा. हो म्हणाले तर बनवून कुठे मिळेल, किती दिवसांत गुण पाहायचा आणि न आल्यास केव्हा थांबवायचं, हेही विचारून घ्या. घरातल्या बाईला एकटीला पाठवू नका. दुखणं तिचं असलं तरी डॉक्टरांसमोर ते सांगताना ती "ठीक आहे" म्हणून मोकळी होते. शेजारी बसून रात्रभर कोण कण्हत होतं, हे आपण सांगायचं.

गणपती बाप्पा मोरया!