रंग कल्पनेने दिला आहे



सभागृहात येताना व्हरांड्यातल्या टेबलावर आठवीच्या मुलांनी केलेला डायनोसॉरचा नमुना आपण पाहिला असेल. त्याच्या शेजारी पुठ्ठ्याचे एक कार्ड आहे. मला बोलायचे आहे ते मुख्यतः त्या कार्डाविषयी, कारण त्यावरून गेल्या वर्षी नाराजी झाली होती.

आधी प्राण्याची ओळख करून देतो. हा आपल्याच भूमीवरचा. नाव बारापासॉरस. गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंच्याच्या बाजूला, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी त्याची हाडे खणून काढली. मांडीचे एक हाड तर १.७ मीटर लांबीचे, म्हणजे एखाद्या उभ्या माणसाएवढे! म्हणून नावात 'बारा पा', मोठा पाय. उत्खनन चालू होते ते १९६१ हे साल रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे. म्हणून १९७५ मध्ये नामकरण करताना टागोरांचेही नाव त्याला जोडले गेले. हाडे पुष्कळ मिळाली, दातही मिळाले, पण डोक्याची कवटी मिळाली नाही.

आम्ही एकास चाळीस हे प्रमाण धरले. प्राणी सुमारे १४ मीटर, म्हणून नमुना ३५ सेंटिमीटर. मांडीचे हाड सव्वाचार सेंटिमीटर. एकाचे दशांश चिन्ह घसरले आणि त्याने पायासाठी साडेबेचाळीस सेंटिमीटरची तार कापली. सगळा वर्ग हसला, तोही हसला. त्यानंतर त्याचे दशांश चिन्ह सहसा चुकलेले नाही.

तारेच्या सांगाड्यावर प्रथम आम्ही शाडू चढवला. वाळताना माती आकसते, तार आकसत नाही. दुसऱ्या दिवशी मान तीन ठिकाणी तडकली. मग रद्दी कागदाचा लगदा, खळ आणि थोडी मेथीची पूड, म्हणजे कीड लागू नये. लगदा पातळ थरांनी द्यावा लागतो. घाई केली तर आतून ओला राहून बुरशी धरतो. मुले सुईने अंगभर खवले कोरू लागली. मी विचारले, खवला दोन सेंटिमीटरचा धरला तरी आपल्या नमुन्यावर किती येईल? अर्धा मिलिमीटर. सुया खाली ठेवल्या गेल्या. रंगाचेही तसेच आहे. पाठ गडद, पोट फिके, सुरकुत्यांत पातळ तपकिरी रंग सोडून वरचा फडक्याने टिपून घ्यायचा. चकाकणारे व्हार्निश मात्र नको. त्याने प्राणी खेळण्यातला दिसतो.

गेल्या वर्षी कार्डावर मी स्वतः लिहिले होते, 'रंग : करडा'. एका मुलीने विचारले, "सर, हे कोणी पाहिलं?" मी म्हणालो, पुस्तकात तसेच आहे. "पण पुस्तकवाल्यानं कुठं पाहिलं?" बी. ए., बी. एड. झालेल्या माणसाजवळ याचे उत्तर नव्हते. मी घरी जाऊन वाचले. चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या लहान डायनोसॉरच्या पिसांसारख्या तंतूंत रंगकणांचे अवशेष सापडले आणि त्याच्या शेपटीवर तांबूस व पांढरे पट्टे होते, असे २०१० मध्ये दाखवता आले. आमच्या बारापासॉरसची मात्र हाडे आणि दात, कातडी नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर कार्ड खोडले आणि त्या मुलीनेच नवे लिहिले : 'डोके : नातेवाईक प्राण्यांवरून. शेपटी अधांतरी : अशा प्राण्यांच्या पाऊलवाटांत शेपटी फरफटल्याच्या खुणा सहसा नसतात. रंग : कल्पनेने.'

प्रदर्शनात परीक्षकांनी ते कार्ड वाचले. "तुम्हालाच माहीत नाही, तर मांडता कशाला?" असे विचारून ते पुढे गेले. नंबर आला नाही. मुलगी रडली. काही पालक मला भेटले. पुढच्या वेळी कार्ड ठेवू नका, असे त्यांनी आपुलकीनेच सुचवले. एका वडिलांनी स्पष्ट विचारले, "सर, बोर्डात याचे मार्क किती?" मी खरे तेच सांगितले : एकही नाही.

तरीही कार्ड यंदा पुन्हा ठेवले आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ मध्ये वॉटरहाउस हॉकिन्स यांनी मोठमोठे प्राचीन प्राणी उभे केले. आधी छोटे मातीचे नमुने, मग त्यांवरून मोठे, ही त्यांची रीत. सल्लागार होते रिचर्ड ओवेन, ज्यांनी 'डायनोसॉर' हा शब्द घडवला. त्यांच्या इग्वानोडॉनच्या नाकावर एक शिंग आहे. पुढे १८७८ मध्ये बेल्जियमच्या एका कोळशाच्या खाणीत संपूर्ण सांगाडे सापडले, तेव्हा कळले की ते शिंग नव्हे, अंगठ्याचे हाड आहे. एवढ्या मोठ्या विद्वानांचा अंदाज चुकला, यात मला कमीपणा वाटत नाही. पण आमच्या आठवीच्या मुलांना अंदाज आणि पुरावा यांच्यामध्ये रेघ ओढता येत असेल, तर एका नंबरासाठी ती रेघ मी कशी पुसू? उद्या हीच मुले औषधाच्या बाटलीवरचे, जमिनीच्या कागदावरचे वाचणार आहेत. तेव्हाही त्यांनी विचारावे, हे कोणी पाहिले?

कार्यक्रम संपल्यावर टेबलापाशी अवश्य जा. मानेची भेग काल पुन्हा बुजवली आहे, ती अजून ओली आहे, म्हणून हात तेवढा लावू नका. मुलांना मात्र हवे ते विचारा. गेल्या वर्षीची ती मुलगी आता नववीत आहे, पण तीही तिथेच उभी आहे.