पाणबुडीतून प्रवचनपीठाकडे
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



हीरक महोत्सव हा वर्षे मोजण्याचा प्रसंग असतो. अशा मोजणीत बहुधा जमेची बाजूच वाचून दाखवली जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. जर्मनीतील एका पाद्र्याने मात्र आपल्या आयुष्याचा हिशेब मांडला, तेव्हा त्यातली चार-साडेचार वर्षे काही केल्या जमेत धरता येईनात. पुढे ती वर्षे त्याने चारचौघांत बोलून दाखवली. त्या पाद्र्याचे नाव मार्टिन नीमोलर.

नीमोलर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी लिपश्टाट या गावी झाला. वडील ल्युथरन पाद्री होते. त्या काळच्या अशा घरांत देवाची भक्ती आणि सम्राटाची निष्ठा एकाच ताटात वाढली जाई. दोहोंत कधी विरोध येऊ शकेल, असे मुलांच्या मनातही येत नसे. मुलाला समुद्राची ओढ होती. १९१० मध्ये तो नौदलात दाखल झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एका पाणबुडीचा कप्तान होता. पराभवानंतर पाणबुड्या इंग्रजांच्या हवाली करण्याचे काम सांगण्यात आले, ते त्याने साफ नाकारले आणि नौदल सोडले. काही काळ शेतावर राबून मग म्यून्स्टर येथे धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला. चलनफुगवट्याच्या दिवसांत घर चालवण्यासाठी रेल्वेमार्गावर मजुरीही केली. १९२४ मध्ये दीक्षा झाली आणि १९३१ मध्ये बर्लिनच्या दालेम या सधन वस्तीतील चर्च त्यांच्याकडे आले.

येथवरची कथा शूर, कष्टाळू आणि श्रद्धावान माणसाची आहे. अडचण पुढे सुरू होते. नीमोलर यांनी निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला मत दिले होते, आणि १९३३ मध्ये तो सत्तेवर आला तेव्हा त्यांनी त्याचे स्वागतच केले. राष्ट्र सावरेल, धर्माला पुन्हा मान मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ते एकटे नव्हते. त्या देशातील कितीतरी सुशिक्षित, सज्जन कुटुंबे तशीच आशा धरून होती.

विरोध सुरू झाला तो चर्चच्या उंबरठ्यावर. ज्यांचे पूर्वज ज्यू होते अशा पाद्र्यांना पदावरून दूर करण्याचा नियम चर्चमध्ये आणला गेला. त्याविरुद्ध नीमोलर यांनी सप्टेंबर १९३३ मध्ये पाद्र्यांचा आपत्कालीन संघ उभारला आणि काही महिन्यांत हजारो पाद्री त्यात सामील झाले. २५ जानेवारी १९३४ रोजी चर्चच्या पुढाऱ्यांना हिटलरने भेटीस बोलावले. त्याच सकाळी नीमोलर यांचे दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकले गेले होते, आणि गोरिंगने ते सर्वांसमक्ष वाचून दाखवले. जर्मन जनतेची चिंता माझ्यावर सोडा, असे हिटलर म्हणाला. निरोप घेताना नीमोलर यांनी उत्तर दिले की, ही जबाबदारी देवाने आमच्यावर सोपवली आहे आणि ती काढून घेणे तुमच्या हाती नाही. सोबत आलेले धर्मगुरू या उत्तराने सुखावले नाहीत, बिथरले.

हा प्रसंग रंगवून सांगण्याचा मोह अनेकांना होतो. तो धैर्याचा होताच. पण या लढ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. नीमोलर लढले ते चर्चच्या स्वातंत्र्यासाठी आणि बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंसाठी. तुरुंगात कोंबल्या गेलेल्या साम्यवाद्यांसाठी त्यांनी शब्द काढला नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यूंविषयी तर त्यांच्या मनातही त्या काळचे पूर्वग्रह होतेच, आणि ते त्यांच्या प्रवचनांतही उमटले आहेत.

१ जुलै १९३७ रोजी त्यांना अटक झाली. मार्च १९३८ मध्ये न्यायालयाने सात महिन्यांची शिक्षा दिली. ती कोठडीतच भोगून झाली होती, म्हणून ते सुटायला हवे होते. पण त्यांना घरी न जाऊ देता हिटलरचा खास कैदी म्हणून आधी साक्सनहाउझन आणि १९४१ पासून डाखाउच्या छळछावणीत ठेवण्यात आले. तेथूनही, १९३९ मध्ये युद्ध पेटताच, त्यांनी नौदलात परत घेण्यासाठी अर्ज केला होता! कोठडीत बसलेल्या माणसाच्या मनातूनही लहानपणचे संस्कार इतक्या सहजी निघत नाहीत. तो अर्ज नाकारला गेला.

१९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा जग त्यांना वीरपुरुष मानत होते. त्याच वर्षी पत्नी एल्सेसह ते डाखाउला गेले. ज्या कोठडीत चार वर्षे काढली ती तिला दाखवायची होती. तेथे शवदाहिनीजवळ एक फलक लावलेला होता. १९३३ ते १९४५ या वर्षांत येथे किती माणसे जाळली गेली, हे त्यावर लिहिले होते. (फलकावरचा आकडा पुढील संशोधनात टिकला नाही; वर्षे मात्र टिकली.) एल्से हादरली ती आकड्याने. नीमोलर यांची नजर खिळली ती वर्षांवर. १९३७ पासून पुढे ते स्वतः कैदी होते. कोणी विचारले तर तेवढा पुरावा त्यांच्यापाशी होता. पण फलक १९३७ पासून सुरू होत नव्हता. १९३३ ते १९३७ या काळात तू कुठे होतास, या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नाही, हे त्यांना तेथे उमगले.

ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्ट येथे जर्मन प्रोटेस्टंट चर्चने जो अपराधकबुलीचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यावर त्यांची सही आहे. मग ते गावोगाव हेच सांगत हिंडले. लोकांना ते रुचले नाही. पोटाला अन्न नाही, घरे उद्ध्वस्त झालेली, आणि हा माणूस आमचाच दोष दाखवतो! जानेवारी १९४६ मध्ये एर्लांगेनच्या विद्यार्थ्यांनी गोंगाट करून त्यांच्या भाषणात व्यत्यय आणला. ज्या ओळींमुळे आज त्यांचे नाव जगभर घेतले जाते, त्या कोणा कवीने लिहायला बसून लिहिलेल्या नाहीत; याच भाषणांतून त्या हळूहळू घडत गेल्या. म्हणूनच त्यांचा एक ठरलेला पाठ नाही आणि त्यांतील बळींची यादी ठिकठिकाणी वेगळी आढळते.

पाणबुडीचा हा कप्तान पुढे शांततावादी झाला. पश्चिम जर्मनीला पुन्हा शस्त्रसज्ज करण्याच्या आडेनाउअर यांच्या धोरणाला त्यांनी कडाडून विरोध केला. त्याच प्रश्नावर त्यांचे स्नेही गुस्ताव हाइनेमान यांनी १९५० मध्ये गृहमंत्रिपद सोडले. तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. अणुशास्त्रज्ञ ओटो हान यांच्याशी १९५४ मध्ये झालेल्या चर्चेनंतर नीमोलर यांना कोणतेच युद्ध न्याय्य वाटेना.

१९६१ हे वर्ष त्यांच्यासाठी कठीण गेले. ऑगस्टमध्ये डेन्मार्कमध्ये मोटार-अपघात झाला. गाडी ते स्वतः चालवत होते. एल्से त्यात गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या नवी दिल्लीत जागतिक चर्च परिषदेचे अधिवेशन भरले आणि परिषदेच्या अध्यक्षमंडळात त्यांची निवड झाली.

म्हातारपणी ते थट्टेने सांगत की, आपण कट्टर सनातनी म्हणून सुरुवात केली, आता क्रांतिकारक झालो आहोत, आणि शंभरी गाठलीच तर बहुधा अराजकवादी होऊ. शंभरी काही गाठली नाही. ६ मार्च १९८४ रोजी वीसबाडेन येथे, वयाच्या ब्याण्णव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.